शाळा किती लांब आहे गं?

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या गावात बायकांच्या गप्पांचा विषय बदलतो. हळदीकुंकू आटोपलेलं असतं, पापड-कुरडया अजून सुरू व्हायच्या असतात आणि मधल्या त्या दिवसांत जिथे जावं तिथे एकच चर्चा. ॲडमिशन! बँकेच्या रांगेत, दळणाच्या गिरणीत, पार्लरमध्ये... ‘कुठल्या शाळेत घातलंस?’, ‘इंग्लिश मीडियमच ना?’, ‘सीबीएसई की स्टेट?’, ‘डोनेशन किती घेतलं?’ सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. शाळा घरापासून किती लांब आहे आणि तिथे लेकराला रोज नेणार कोण?

विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. व्हॅन आहे की! आणि एखाद्या दिवशी व्हॅन नाही आली, तर आई आहे.

मी मूळची वाडीतली, लग्न होऊन तालुक्याच्या गावी आले. गाव तसं लहान. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तर अर्धा तास. पण नव्या शाळा गावात नाहीत. त्या बायपासच्या पलीकडे, जिथे जमीन स्वस्तात मिळाली तिथे. पाच-सहा किलोमीटर सहज. माझी धाकटी जाऊ दोन वर्षं मुलीला स्कूटीवरून सोडत होती. एके दिवशी आम्ही दोघींनी मिळून हिशेब मांडला. अंतर सहा किलोमीटर. सकाळी सोडून परत यायचं, दुपारी आणायला जाऊन पुन्हा परत. म्हणजे दिवसाला चार फेऱ्या, चोवीस किलोमीटर. शाळेचे दिवस वर्षाला २२० धरले तर ५,२८० किलोमीटर झाले. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यायचं, तेही जवळजवळ दोनदा! एका फेरीला वीस मिनिटं म्हटलं तरी वर्षाचे तीनशेच्या आसपास तास होतात. आठ तासांची नोकरी करणाऱ्या बाईचे छत्तीस कामाचे दिवस. जाऊबाई कागदाकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘‘ताई, एवढ्या वेळात मी फॅशन डिझाइनचा कोर्स करून मोकळी झाले असते.’’

शाळेच्या फी कार्डावर ट्युशन फी असते, टर्म फी असते, कॉम्प्युटर फी असते. ही छत्तीस दिवसांची रक्कम कुठल्याच रकान्यात नसते.

तशी व्हॅन आली ती बायकांच्या सोयीसाठीच म्हणायला हवी. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, पुढे तिला ‘ओम्नी’ म्हणू लागले. सरकती दारं, सपाट टप, मागे भरपूर जागा. कुणाच्या तरी डोक्यात आलं की मागे एक फळी टाकली तर आणखी सहा पोरं मावतात, आणि गावोगावी एक नवा धंदा उभा राहिला. दप्तरं बाहेर हुकाला, वॉटरबॅगा खिडकीला आणि आत लेकरं डब्यातल्या चपात्यांसारखी एकावर एक. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. अपघातात आतल्या माणसांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, त्यात ती बसत नव्हती. पण तिची जागा दुसऱ्या गाड्यांनी घेतली आणि फळी तीच राहिली.

महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे. पिवळा रंग, वेगाला लगाम घालणारं यंत्र, प्रथमोपचाराची पेटी, मुलींसाठी बाई मदतनीस, आणि प्रत्येक शाळेत एक परिवहन समिती, जिच्यात पालकही असतात. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे जरा विचारून बघा. आमच्याकडे मी पाच जणींना विचारलं. पाचहीजणींनी मलाच उलटा प्रश्न केला, ‘‘अशी समिती असते?’’

(पिवळ्या रंगाचीही गंमत आहे. अमेरिकेत १९३९ मध्ये फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात एक परिषद भरवली आणि सगळ्या स्कूलबस एकाच रंगाच्या असाव्यात असं ठरवलं. पहाटेच्या अंधूक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात म्हणून पिवळा. आपल्या रस्त्यावर धावतो तो हाच रंग.)

आता जरा शाळेच्या नावाकडे येऊ. बायपासला ज्या शाळा झाल्यात त्यातल्या निम्म्यांच्या नावात ‘पब्लिक स्कूल’ आहे. पब्लिक म्हणजे सार्वजनिक, सरकारी, असं आपल्याला वाटणार. पण असतं नेमकं उलटं! हा शब्द आला इंग्लंडातून. तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सर्वांत महागड्या खासगी शाळा. त्यातली ईटनची शाळा सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये काढली ती सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. मग ती श्रीमंतांची कशी झाली? तर बाहेरगावच्या मुलांना फी भरून तिथे येता येऊ लागलं. ‘पब्लिक’ या शब्दाचा अर्थच मुळी असा होता की ही शाळा फक्त या गावच्या मुलांची नाही, कुठूनही या, पैसे भरा आणि शिका. म्हणजे बघा, आपण ज्याला दर्जा समजतो त्या शब्दाच्या पोटात खरं म्हणजे अंतर लपलेलं आहे. आपल्याकडे डेहराडूनला १९३५ मध्ये दून स्कूल सुरू झालं ते याच वळणावर. फरक इतकाच की तिथली मुलं वसतिगृहात राहतात. आपल्या गावच्या ‘पब्लिक स्कूल’ला वसतिगृह नाही. त्यामुळे ते अंतर रोज कापायचं, आणि ते कुणी कापायचं हे मघाच सांगितलं.

खुद्द इंग्लंडात या शाळांवरून सध्या बरंच रण पेटलं आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या सरकारने खासगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लावला. त्यातून मिळणारा पैसा सरकारी शाळांना द्यायचा, असं सरकारचं म्हणणं. आमची मुलं नाइलाजाने सरकारी शाळेत जातील आणि तिथला भार वाढेल, असं पालकांचं म्हणणं. दोन्ही बाजू हिरिरीने भांडताहेत. पण मला तिथला एक जुना, साधासा नियम जास्त आवडला. जवळची योग्य सरकारी शाळा आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा किंवा मोठ्या मुलाला तीन मैलांपेक्षा लांब पडत असेल, तर ने-आण सरकारने फुकट करायची. स्वतःच्या हौसेने त्याहून लांबची शाळा निवडली तर प्रवास तुमचा तुम्ही बघा.

शाळा स्वतंत्र असाव्यात की सरकारी, हा वाद जगभर आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये कायदा करून ‘चार्टर’ शाळा काढायला परवानगी दिली. पैसा सरकारचा, कारभार शाळेचा, फी नाही. ऐकायला छान. पण अनेक राज्यांत अशा शाळांवर बस पुरवण्याचं बंधन नाही. मग ज्या आईकडे गाडी आणि सकाळचा वेळ आहे तिचंच मूल तिथे पोचणार, नाही का? याउलट वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०१० पासून सरकारी शाळांनाच ‘स्वतंत्र’ करायला सुरुवात झाली. शिक्षक कुठले घ्यायचे, पैसा कसा खर्चायचा हे मुख्याध्यापक ठरवणार. पण शाळा राहिली सरकारी, आणि ठरलेल्या परिसरातल्या मुलांना तिने घेतलंच पाहिजे. शाळेला मोकळीक दिली, पण ती घरापासून लांब नेली नाही.

आपल्याकडे हे काही नवं नाही म्हणा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे शाळा संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारचा, अशी अनुदानित शाळांची पद्धत राज्यभर रुजली. आपल्यातल्या कितीतरी जणी अशाच शाळेत शिकल्या. आपण त्याला ‘हायस्कूल’ म्हणायचो. दोन वेण्या, निळा स्कर्ट आणि मैत्रिणींबरोबर चालत. जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांना मोकळीक देऊन पाहण्यासाठी २०१८ मध्ये राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळही काढलं होतं. सरकार बदललं आणि २०२० मध्ये ते बंद झालं. त्याच २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. जगातला सर्वोत्तम शिक्षक म्हणून निवडलेला माणूस वाडीवरच्या मराठी शाळेत शिकवत होता! सगळ्याच मराठी शाळा तशा नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण सगळी ‘पब्लिक स्कूल्स’ तरी कुठे ईटन आहेत?

खरी कळ आहे ती पटाची. माझं माहेर गावापासून सात किलोमीटरवर. तिथे दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथेच शिकले. सहा वर्षांपूर्वी पट एकतीस होता, या वर्षी सतरा. वाडीतली मुलं कमी झाली असं नाही. सकाळी पावणेसातला फाट्यावर व्हॅन येते आणि चौदा मुलं उचलून नेते.

पट वीसच्या खाली गेला की काय होतं? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने अशा शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. आजूबाजूच्या लहान शाळा एकत्र करून मध्यवर्ती ठिकाणी एक मोठी शाळा करायची. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ समोर ठेवलं होतं. त्या वेळी राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या साडेचौदा हजारांहून जास्त शाळा होत्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं शिकत होती. मोठ्या शाळेत खेळाचं मैदान मिळेल, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, हे खरंच आहे. दोन शिक्षकांनी चार वर्ग एकाच खोलीत सांभाळायचे यात मुलांचं काही भलं होत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी, असं ठरलं आहे. ते नसेल तर वाहतूक भत्ता. समग्र शिक्षा योजनेत तो वर्षाला जास्तीत जास्त सहा हजार रुपये आहे. म्हणजे महिन्याला पाचशे! आमच्याकडे व्हॅनवाले एका मुलाचे हजार-बाराशे घेतात.

क्रम लक्षात येतोय ना? ज्यांना परवडतं त्यांची मुलं व्हॅन नेते, म्हणून पट घटतो. पट घटला म्हणून शाळा हलते. आणि शाळा हलली की ज्यांना व्हॅन परवडतच नव्हती, त्यांनाही आता गाडीची गरज लागते. मोलमजुरी करणाऱ्या बाईने ती कुठून आणायची?

शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांचंही असंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेने या जागा द्यायची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. बरं झालं. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या नातवाचा नंबर लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले. फी माफ झाली, पण व्हॅन काही माफ झाली नाही. पोरगा रोज आजोबांच्या सायकलवर डबलसीट जातो. आजोबांचे गुडघे टिकतील तोवर त्याचं इंग्लिश मीडियम!

आणि यात मुलींचं काय होतं ते तर बोलायलाच नको. घरात एकाच व्हॅनचे पैसे असले, तर व्हॅन कुणाला आणि पायवाट कुणाला, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? मुलींच्या शिक्षणाचं गाडं बऱ्याचदा अभ्यासावर अडत नाही, रस्त्यावर अडतं. बिहारमध्ये २००६ साली सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. हायस्कूलमधलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि जास्त वाढ झाली ती ज्या गावांना हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब होतं तिथे. एक साधी सायकल! आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत हायस्कूलच्या मुलींसाठी निळ्या एसटी बस धावतात, त्याही याच कारणासाठी.

एवढं सगळं असताना गाड्यांचं भविष्य म्हणून आपल्याला दाखवतात काय? विनाचालक मोटार! मुंबईला असलेल्या माझ्या भाच्याने मोबाइलवर दाखवलं. अमेरिकेत फिनिक्स शहरात २०२५ पासून १४ ते १७ वर्षांची मुलं आईवडिलांच्या परवानगीने अशा टॅक्सीतून एकटी जाऊ शकतात. पुढच्या सीटवर कुणीच नाही आणि स्टिअरिंग आपोआप फिरतंय. ‘‘आत्या, बघ, आईला सोडायला जायचं टेन्शनच नाही,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘अरे, आमच्या व्हॅनवाल्या काकांना कुणाचा डबा घरी राहिला, कुणाला ताप आहे आणि कुणाची आई माहेरी गेलीय, हे सगळं पाठ असतं. ते तुझ्या गाडीला कळेल का?’’ तो हसला. पण त्याच्याच मोबाइलवर मला दुसरी बातमी दिसली. पॅरिसमध्ये शाळांसमोरचे दोनशेहून जास्त रस्ते मोटारींना बंद केलेत. मार्च २०२५ मध्ये आणखी पाचशे रस्ते असेच करायचे का, यावर मतदान घेतलं, तर मत देणाऱ्यांतल्या जवळपास ६६ टक्के लोकांनी हो म्हटलं. मतदानाला आले मात्र अगदी थोडे, शंभरात चार. तरी एकाच काळात दोन देशांत दोन तऱ्हा! एकीकडे मोटारीतून ड्रायव्हर काढताहेत, दुसरीकडे शाळेसमोरून मोटारच काढून टाकताहेत.

अमेरिकेत १९६९ मध्ये पाच ते चौदा वर्षांची ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलवर शाळेत जायची. २००९ मध्ये ती १३ टक्के उरली. एका पिढीत चालणं संपलं! विजेवरची बस आली, विनाचालक टॅक्सी आली, तरी सहा किलोमीटरवरची शाळा सहा किलोमीटरवरच राहणार. विजेवरच्या गाड्यांना माझा विरोध नाही हं. आपल्या एसटीची ‘शिवाई’ २०२२ मध्ये पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. धूर नाही, आवाज नाही. तशी एक आमच्या फाट्यावरून जायला लागली तर मी स्वतः नारळ फोडीन.

पण आमच्या वाडीत सध्या वेगळंच नाट्य चालू आहे. माझ्या दुसऱ्या भाच्याचा, वाडीत राहतो त्याचा, मुलगा व्हॅनने जातो, दुसरीत आहे. धाकटी मुलगी आता सहाची होतेय. वहिनीचं म्हणणं, ‘‘पोरीला घाला की वाडीतल्या शाळेत. दोघांच्या व्हॅनचे पैसे कुठून आणायचे?’’ भाचेसून शांत आहे, पण ऐकणारी नाही. ती म्हणाली, ‘‘आई, शाळा वाईट असेल तर माझ्या मुलीला का? आणि चांगली असेल तर मुलाला का नको?’’ वहिनीकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मग ती आठवडाभर वाडीतल्या शाळेत जाऊन बसली. बाईंशी बोलली, मुलांच्या वह्या बघितल्या. सेमी इंग्लिश पहिलीपासून आहे. एक बाई उत्तम शिकवतात, दुसऱ्या गुरुजींना कागदपत्रांतून सवड होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असा कायदा आहे. तिने यादी मागून घेतली. बायकांची नावं होती, पण त्या बायकांना पत्ताच नव्हता. त्यातल्या दोघींना घेऊन ती पुढच्या बैठकीला गेली आणि म्हणाली, ‘‘माझी दोन्ही मुलं इथे घालते, पण गुरुजी रोज वर्गावर हवेत.’’

गेल्या रविवारी तिने व्हॅनवाल्यांना सांगितलं की जूनपासून तिचा मुलगा येणार नाही. त्यांनी बोटांवर हिशेब केला. या वर्षी वाडीतली आणखी तीन मुलं हायस्कूलला जाणार, दोन कुटुंबं पुण्याला चाललीत. म्हणाले, ‘‘ताई, तुमचा गेला तर त्या बाजूची सातच पोरं उरतात. डिझेल बघता ती फेरी मला परवडायची नाही. एक तर भाडं वाढवावं लागेल, नाहीतर वाडी सोडावी लागेल.’’

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वाडीभर झाली. त्या सात मुलांच्या आया भाचेसुनेच्या अंगणात जमल्या. दोघी रागावल्या होत्या, तुझ्यामुळे आमची व्हॅन जाणार म्हणून. एक जण तालुक्याला भाड्याची खोली बघतेय. तिघींनी विचारलं, त्या बाई खरंच चांगल्या शिकवतात का गं? सातवी काहीच बोलली नाही, चहा पिऊन गेली. सोमवारी सकाळी बाईंना ती शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. लेकीचा जन्मदाखला आणि आधार कार्ड पिशवीत होतं.